रुईतले प्रकार ओळखताना: प्रकल्प घेणाऱ्यांसाठी

एकाच जातीतली विविधता अभ्यासायला रुई (कॅलोट्रोपिस जायगँटिया) सोयीची. माळावर, रस्त्याकडेला मुबलक मिळते आणि जांभळट आणि पांढऱ्या फुलांमधला फरक लांबूनही दिसतो.

आधी जात पक्की करा. जायगँटियाच्या पाकळ्या पसरट, मागे वळलेल्या. कळी लांबट, कोनदार. कोरड्या भागात रुईचीच दुसरी जात, कॅलोट्रोपिस प्रोसेराही भेटते. तिची कळी गोल, पाकळ्या उभ्या आणि टोकाशी गडद जांभळ्या. दोन्ही एकाच तक्त्यात गेल्या की मुळात नसलेला तिसरा 'प्रकार' तयार होतो.

देवळाजवळची झुडपं वगळा. पांढरी रुई लोक मुद्दाम लावतात, त्यामुळे तिचं प्रमाण फुगतं. शिवाय मारुतीच्या माळेसाठी पानं सतत खुडली जातात, मग मोजायला कोवळी पानंच उरतात. मुळांतून फुटवे येत असल्याने शेजारची दोन झुडपं प्रत्यक्षात एकच असू शकतात. निदान दहा मीटर अंतर ठेवा. एका ठिकाणची वीसेक झुडपं पुरतात.

पान नेहमी शेंड्याकडून तिसऱ्या जोडीतलं घ्या. फुलाचा रंग ताज्या फुलावर, सावलीत, रंगतक्त्याशी ताडून जागेवरच लिहा. दाबलेलं फूल तपकिरी पडतं, मग काही सांगता येत नाही.

चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. हातमोजे आणि चष्मा हवेतच. फांदी कापल्यावर चीक टिपून घ्या आणि बटर पेपरमध्ये दाबा, नाहीतर नमुना कागदाला चिकटतो. पानं जाड, त्यामुळे टिपकागद रोज बदला. आळस केला की बुरशी धरते.

आता वर्गीकरण. पानांच्या लांबीचा आलेख सलग असेल तर मधेच रेघ मारून दोन गट पाडू नका. लांबी माती-पाण्यानेही बदलते. खात्री हवी तर बिया एकाच मातीत वाढवून बघा. पण एका बोंडातल्या बिया बहुधा एकाच परागपिंडातून (परागकणांच्या एका गठ्ठ्यातून) झालेल्या, म्हणजे सख्खी भावंडं. म्हणून वेगवेगळ्या झुडपांची बोंडं घ्या, आणि तीही फुटून म्हाताऱ्या उडण्याआधी.

नुसता रंग वेगळा आणि दोन्ही रंग एकाच माळावर असतील तर उपजातीचा दर्जा मागण्यात अर्थ नाही. फार तर 'फॉर्मा', म्हणजे उपजातीहून खालचा दर्जा. तेही नाव आधीच कुणी दिलंय का, हे तपासा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह): तिथले जुने नमुने बघितल्याशिवाय नवीन नाव सुचवू नका.