बुडालेल्या जहाजांची समुद्रसफर : गोव्यात राहून तयारी कशी करावी

आठवडाभर बोटीवरच मुक्काम करायचा, तिथेच जेवायचे-झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरून बुडालेली जुनी जहाजे पाहायची, अशा सफरीला डायव्हिंगच्या जगात लाइव्हअबोर्ड म्हणतात. गोव्यातील डायव्हिंग साधारणपणे अर्ध्या-पाऊण दिवसाचे असते. सकाळी बायणा, मालीम किंवा बोगमाळोहून बोट सुटते, ग्रँड आयलंडच्या आडोशाला दोन डाइव्ह होतात आणि दुपारी मंडळी किनाऱ्याला लागतात. त्यामुळे ऐतिहासिक जहाजांसाठी लाइव्हअबोर्ड करू इच्छिणाऱ्या गोव्यातील डायव्हरला बहुधा इजिप्तच्या लाल समुद्राची वाट धरावी लागते. या सफरीची तयारी मात्र गोव्यातच करता येते, आणि ती इथेच करावी असे माझे ठाम मत आहे. त्या तयारीचा एक भाग आपल्या गढूळ, उथळ पाण्यात होतो आणि दुसरा घरी, जहाजांचा इतिहास वाचताना होतो. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो.

लाल समुद्राच्या उत्तर भागात, इजिप्तमधील हुरघाडा बंदराहून निघणाऱ्या आठवड्याच्या फेरीत जी जहाजे पाहायला मिळतात त्यांतील दोन थेट मुंबईच्या वाटेवरची आहेत. पी अँड ओ कंपनीचे ‘कार्नाटिक’ हे शिडे आणि वाफेचे इंजिन अशा दोन्हींवर चालणारे जहाज सुएझहून मुंबईला येत असताना १३ सप्टेंबर १८६९ रोजी पहाटे अबू नुहासच्या प्रवाळ खडकावर चढले. सुएझ कालवा खुला व्हायला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते. कंपनीचे दुसरे जहाज जवळून जाणार आणि आपल्याला उचलून घेणार या भरवशावर कप्तानाने प्रवाशांना जहाजावरच थांबवून ठेवले. जवळपास दीड दिवसानंतर, १४ तारखेला, जहाजाचे दोन तुकडे झाले आणि ३१ माणसे गेली. त्या फेरीत जहाजावर चाळीस हजार पौंडांचे सोने होते. दुसरे जहाज ‘डनरेव्हन’. ते मुंबईत माल भरून इंग्लंडकडे परतत असताना २५ एप्रिल १८७६ रोजी पहाटे सिनाईच्या टोकाजवळील बीकन रॉकवर आदळले. त्याचे खलाशी बचावले. आज ते पाण्याखाली पालथे पडलेले आहे.

तिसरे आणि सर्वांत प्रसिद्ध जहाज म्हणजे ‘थिसलगॉर्म’. ब्रिटिश सैन्यासाठी ट्रक, मोटारसायकली, दारूगोळा आणि रेल्वेची दोन वाफेची इंजिने घेऊन ते नांगर टाकून उभे होते. ६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जर्मन विमानाने टाकलेले बाँब मागच्या बाजूच्या मालखणात, म्हणजे नेमके दारूगोळ्यावर, पडले. त्या स्फोटात नऊ जण ठार झाले, जहाजाचा मागचा भाग फाटला आणि इंजिने उडून बाजूच्या वाळूत जाऊन पडली.

हे सगळे आधी ठाऊक असणे का महत्त्वाचे, ते पाण्यात उतरल्यावर कळते. तीस मीटर खोलीवर वेळ मोजका असतो. साध्या हवेवर डायव्हिंग करताना, पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यानुसार, डिकंप्रेशनची, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याची, सक्ती न येता तिथे फक्त २० मिनिटे थांबता येते. फाटलेल्या पोलादाचा ढीग पाहून हे नाळेचे, म्हणजे पुढचे, टोक की मागचा पंखा, असा विचार करण्यातच पाच मिनिटे गेली तर हाती फारसे लागत नाही. म्हणून सफरीच्या महिनाभर आधी प्रत्येक जहाजाचा आराखडा मिळवावा आणि स्वतःच्या हाताने वहीत काढावा. नाळ कोणत्या दिशेला आहे, जहाज कोणत्या कुशीवर आडवे झाले आहे, मालखणे किती, बॉयलर कुठे, सर्वांत उथळ आणि सर्वांत खोल जागा किती मीटरवर, हे त्यावर लिहून ठेवावे. थिसलगॉर्मचे हजारो छायाचित्रांवरून तयार केलेले त्रिमितीय सर्वेक्षण इंटरनेटवर पाहता येते. ते दोन-तीन वेळा सावकाश फिरून पाहिले, तर प्रत्यक्ष डाइव्हच्या वेळी मालखणातील मोटारसायकलींच्या रांगा शोधत बसावे लागत नाही.

गोव्याच्या समुद्रातील जहाजांचाही असाच अभ्यास करावा, कारण तो आपल्या अंगणातला आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफ येथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तिथे तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. म्हणजे एकाच बुडालेल्या जहाजात आफ्रिका, चीन आणि पोर्तुगाल एकत्र भेटतात. सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजात तर कौले आणि भाजक्या मातीचे बांधकाम-सामान होते, आणि त्यावर मंगळुरूच्या बासेल मिशन कारखान्याचा १८६५ असे साल असलेला शिक्का आहे. गोव्यातील एखाद्या जुन्या घराचे छप्पर उतरवताना खाली काढून ठेवलेले कौल उलटे करून पाहावे. तसाच शिक्का तिथेही सापडू शकतो. समुद्राच्या तळाशी पडलेला माल कोणासाठी चालला होता, याचा अंदाज मग आपोआप येतो. ही ठिकाणे अभ्यासाची आहेत. तिथे परस्पर डायव्हिंग करण्याचा विचार कोणी करू नये.

सरावासाठी ग्रँड आयलंडजवळचे ‘सुझीज रेक’ योग्य आहे. ते उथळ आहे, बहुतेक डाइव्ह सेंटर तिथे नेतात आणि नवशिक्या डायव्हरलाही ते झेपते. गोव्याच्या पाण्यात दृश्यमानता अनेकदा तीन-चार मीटरच असते, आणि चांगल्या दिवशी आठ-दहा. समोर काहीच नाही असे वाटत असताना हिरवट पाण्यातून एकदम हातभर अंतरावर रिव्हेटांची ओळ दिसू लागते, मग शिंपल्यांनी भरलेली पत्र्याची कड आणि त्या कडेखाली निश्चल उभा असलेला एखादा गोब्रा मासा. अशा पाण्यात शिकलेला डायव्हर स्वच्छ पाण्यात निर्धास्त असतो. उलट क्रमाने शिकणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

सराव नेमका कशाचा करावा, हे आपल्या प्रशिक्षकाशी बोलून ठरवावे. माझ्या मते तीन गोष्टी सोडता कामा नयेत. पहिली, तळापासून हातभर वर, काहीही न धरता, हात न हलवता तीन मिनिटे एका जागी तरंगणे. दुसरी, बेडकासारखे पाय बाजूला फाकवून मारण्याची लाथ, म्हणजे फ्रॉग किक. पाय वर-खाली मारल्याने पायांतल्या फिनचा झोत सरळ गाळावर जातो आणि मागून येणाऱ्याला काही दिसेनासे होते, तर या पद्धतीत पाणी मागे ढकलले जाते. तिसरी, पाण्यातूनच रिळाच्या दोरीने नारिंगी सिग्नल बोया वर सोडणे, आणि तेही खोली न बदलता. लाल समुद्रात जोराचा प्रवाह असताना बोटीपासून दूर वर आलो तर आपण कुठे आहोत हे सांगणारी ती एकच खूण असते. गोव्यातील जहाजांवर अडकलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचा धोकाही लक्षात ठेवावा. दोरी कापण्याचे छोटे साधन छातीजवळ, दोन्ही हातांना पोहोचेल असे लावावे.

प्रमाणपत्रांबाबत स्पष्ट असावे. ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंतच जाता येते, आणि वरील जहाजे २५ ते ३० मीटरच्या आसपास आहेत, म्हणून ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर आवश्यकच समजावे. त्याशिवाय नायट्रॉक्सचा अभ्यासक्रम करावा. ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या या मिश्रणात नायट्रोजन कमी असल्याने ३० मीटरवर थांबण्याची मुदत हवेच्या सुमारे दीडपट मिळते, आणि सलग सहा दिवस डाइव्ह करताना शरीरावरचा भार कमी होतो. मात्र या मिश्रणाची मर्यादा ३३ मीटरच्या जवळ आहे. त्याहून खाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो. बोटीवर प्रत्येक डाइव्हपूर्वी आपल्या टाकीतील ऑक्सिजन मापकाने स्वतः मोजायचा, आकडा टाकीवरच्या पट्टीवर लिहायचा आणि नोंदवहीत सही करायची असते. हे काम मित्रावर सोपवू नये.

बोट निवडताना कॅबिनचे फोटो आणि जेवणाची यादी यांपेक्षा सुरक्षेची चौकशी आधी करावी. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्री बोटीवर फिरता पहारा नव्हता, हे तपासात पुढे आले. म्हणून आरक्षणापूर्वीच लेखी विचारावे : रात्रभर जागा पहारेकरी असतो का, झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत का, धूर कळवणारी यंत्रणा कुठे आहे, कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज केल्या जातात. उत्तर टाळले गेले तर दुसरी बोट शोधावी. बोटीवर पाऊल ठेवल्या दिवशी दिवे लागण्यापूर्वी आपल्या कॅबिनपासून वरच्या डेकपर्यंत दोन्ही वाटांनी स्वतः चालून पाहावे आणि आपली बॅटरी झोपताना कधीही चार्जिंगला ठेवू नये. डायव्हिंगचा वेगळा विमाही घ्यावा, कारण साध्या प्रवास विम्यात रिकंप्रेशन कक्षाचा, म्हणजे डायव्हरवर वाढीव दाबाखाली उपचार करणाऱ्या कक्षाचा, खर्च अनेकदा धरलेला नसतो.

मोसमाचा मेळ चांगला जमतो. पावसाळ्यात गोव्यातील डायव्हिंग बंद असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून समुद्र निवळतो. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च सराव करून एप्रिल-मेमध्ये लाल समुद्र गाठणे सोयीचे पडते. हिवाळ्यात तिथे वारा फार असतो आणि पाणी २१-२२ अंशांपर्यंत उतरते. आपल्याला २७-२८ अंशांची सवय असल्याने वसंतातही पाच मिलिमीटरचा वेटसूट आणि डोक्याची टोपी न्यावी. तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला कुडकुडणारा माणूस हवाही जास्त ओढतो. स्वतःचा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि दोन टॉर्च न्यावेत, बाकीचे भाड्याने मिळते. लाल समुद्रातील बऱ्याच बोटींवर हातमोजे वापरू देत नाहीत. बोट लागण्याची गोळी घेणार असाल तर ती गोव्यातील बोटीवर आधी घेऊन पाहावी, म्हणजे गुंगी किती येते ते कळेल.

जहाजाच्या आत शिरण्याविषयी मनात ठाम रेषा आखावी. बाहेरचा उजेड दिसत राहील इतकेच आत जावे, आणि पृष्ठभागापासूनची खोली व आडवे अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे जाऊ नये, ही मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांची मर्यादा आहे. हवेचा हिशेब तिहाईचा असावा : एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक बाहेर येण्यासाठी आणि एक राखीव. थिसलगॉर्मच्या मालखणात सकाळी गर्दी होते, म्हणून पहाटेच्या पहिल्या डाइव्हचा आग्रह धरावा. पहिल्या डाइव्हमध्ये बाहेरून पूर्ण फेरी मारावी आणि आतला भाग दुसऱ्या डाइव्हसाठी ठेवावा. कार्नाटिकची गोष्ट वेगळी आहे. त्याची लाकडी डेक कुजून गेली असल्याने लोखंडी फासळ्यांमधून सगळीकडून उजेड येतो आणि काचेसारख्या पारदर्शक माशांचे थवे त्या उजेडात हलतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईला पोहोचायचे राहून गेलेले हे जहाज पाहताना घाई करू नये.

कोणत्याही वस्तूला हात लावू नये, मग ती बाटली असो, काडतूस असो की सुटा पडलेला खिळा असो. थिसलगॉर्मवरील मोटारसायकलींचे सुटे भाग आठवण म्हणून नेणाऱ्यांनी त्या जहाजाचे जे नुकसान केले ते कधीच भरून निघणार नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांना युनेस्कोच्या २००१ च्या करारात वारसा मानले आहे. आपल्या देशातही शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण आहे. आपण सोडलेल्या हवेचे बुडबुडे छताखाली अडकून तिथले लोखंड लवकर गंजते, त्यामुळे बंद खोल्यांत रेंगाळूही नये. शिवाय या जहाजांवर माणसे मेली आहेत, हे भान असले म्हणजे हात आपोआप आवरला जातो.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. सलग आठवडाभर डाइव्ह केलेल्याने पूर्ण २४ तास धरलेले बरे. त्यामुळे हुरघाडाहून कैरो, कैरोहून मुंबई आणि पुढे दाबोळी किंवा मोपा अशी तिकिटे काढतानाच हा एक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी साहित्य गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे आणि प्रत्येक जहाजाचा वहीतला आराखडा समोर घेऊन प्रत्यक्षात काय वेगळे दिसले ते त्यावर लाल शाईने लिहावे. सांधे दुखणे, कातडीवर चट्टे येणे, मुंग्या येणे किंवा विलक्षण थकवा यांपैकी काहीही जाणवले तर घरी जाऊन बघू असे म्हणू नये. हुरघाडा आणि शर्म अल शेख येथे रिकंप्रेशन कक्ष आहेत. विमा कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत विमानात बसू नये.