होल्स्ट ऐकायचाय? मंगळापासून सुरुवात करू नका

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट म्हटलं की सगळे डायरेक्ट 'द प्लॅनेट्स'मधला (ऑर्केस्ट्रासाठीची रचना, एकेक भाग एकेका ग्रहावर) मंगळ लावतात आणि दोन मिनिटांत बंद करतात, वाईट वाटतं मला. हा माणूस हाडाचा मास्तर होता हो, १९०५ पासून १९३४ ला जाईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत शिकवलं, वर मॉर्ले कॉलेजात नोकरदार लोकांना शिकवायचा, स्वतःचं लिहायला उरायचा रविवार नाहीतर सुट्टी.

म्हणून आधी 'सेंट पॉल्स स्वीट' (Suite, म्हणजे छोट्या भागांची मालिका) लावा, शाळेतल्या मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठीच लिहिलंय. शेवटच्या भागात वर एक पळती चाल असते आणि खालून चेलोवर (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही जुनी इंग्रजी चाल संथपणे येते. माझी भाची कोथरूडला व्हायोलिन शिकते, तिला म्हटलं फक्त खालची चाल पकड, तिसऱ्या वेळेला "मामा, ही बघ आली!" म्हणून ओरडलीच.

मग 'सावित्री', हो, आपली वटपौर्णिमेचीच. भाषांतरं आवडेनात म्हणून हा चक्क संस्कृत शिकला! १९०८ ची अर्ध्या तासाची ऑपेरा, गाणारे तिघंच आणि पडद्यामागे बायकांचा कोरस. सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता यमाचा आवाज दुरून येतो, अंगावर काटा येतो अगदी. सवाईला तासन् तास बसणाऱ्यांना एकच सांगणं, यात राग शोधू नका, शब्द समोर ठेवून ऐका.

आता मंगळ. हातावर पाच मात्रा मोजा, पहिलीत तीन टोले, दुसरी-तिसरीत एकेक, चौथीत दोन, पाचवीत एक. झपताल अंगात असेल तर पाचाचं वजन लगेच बसतं. सुरुवातीचा तो कोरडा टकटकाट म्हणजे व्हायोलिनवाले गजाच्या लाकडानं तारेवर मारतायत.

नेपच्यून मात्र रात्री अकरानंतर, लक्ष्मी रोडचे हॉर्न थांबल्यावर, हेडफोन लावून. बायकांचा कोरस शेजारच्या खोलीत असतो आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावत नेतात, म्हणून आवाज नेमका कधी संपला तेच कळत नाही. १९१८ ला पहिल्यांदा वाजलं तेव्हा त्या दारामागे त्याच्याच विद्यार्थिनी गात होत्या, तेव्हा आवाज बारीक झाला म्हणून लगेच बंद करू नका, त्या अजून गातायत.