लाँगआर्म क्विल्टिंग: हात बसेपर्यंतचा सराव

क्विल्ट म्हणजे तीन थर: वर तुकडे जोडून शिवलेले कापड, मध्ये बॅटिंग म्हणजे मऊ भरावाचा थर आणि खाली पाठीचे कापड. आपल्या गोधडीची रचनाही हीच. फक्त तिच्या पोटात जुनी लुगडी आणि धोतरे असतात आणि थर एकत्र धरून ठेवण्याचे काम हाताने घातलेला धावदोरा करतो. लाँगआर्म या मोठ्या क्विल्टिंग यंत्रावर तेच काम मोटारीवर चालणारी सुई करते. मात्र घरच्या शिलाई मशीनवर सुई जागच्या जागी राहते आणि कापड सरकते, तर लाँगआर्मवर कापड चौकटीच्या रुळांवर ताणून स्थिर ठेवलेले असते आणि आपण हँडल धरून सबंध यंत्रच त्यावरून फिरवतो. त्यामुळे हे काम शिवणापेक्षा लेखनाच्या जवळचे आहे, आणि अक्षर वळणदार व्हायचे तर ते गिरवावेच लागते.

यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. सुईपासून यंत्राच्या मागच्या खांबापर्यंतचे अंतर लाँगआर्मवर साधारण 18 ते 30 इंच असते, आणि मोठी चादर बसेल अशी चौकट 10 ते 12 फूट लांब असल्याने तिला जवळजवळ एक खोलीच द्यावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्यांना एक सोय आहे: तिथली अनेक क्विल्टची दुकाने एक प्राथमिक वर्ग पूर्ण करणाऱ्याला तासाच्या भाड्याने यंत्र वापरू देतात. ज्यांच्याकडे केवळ साधे मशीन आहे त्यांनी कापड पुढे सरकवणारे दात खाली घ्यावेत, डार्निंग फूट (कापड कोणत्याही दिशेला मोकळे फिरवू देणारा दाबपट्टीचा पाय) लावावा आणि मांजरपाटाच्या दोन थरांमध्ये बॅटिंग घालून केलेल्या हातभर चौकोनावर सराव करावा. हालचाल उलटी असली तरी डोळा आणि नक्षीची ओळख यातूनच घडते.

त्याआधीही कागद आणि पेन्सिल आहेच. रोज 15 मिनिटे, पेन्सिल न उचलता, एकच नक्षी पानभर काढावी. मनगट टेकवून काढलेली रेघ इथे उपयोगाची नाही. हात खांद्यापासून हलला पाहिजे. रांगोळीची सवय असलेल्यांना याचा फायदा होतो, कारण रेघ कुठून आली यापेक्षा ती पुढे कुठे जाणार आहे हे पाहण्याची त्यांच्या नजरेला सवय असते. यंत्रावरही सुईकडे टक लावून न पाहता तिच्या पुढची इंच-दोन इंच जागा पाहायची असते.

कापड चढवण्याचे काम कंटाळवाणे वाटते, पण निम्मे यश त्यातच असते. पाठीचे कापड वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी किमान 4 इंच मोठे घ्यावे आणि त्याच्या कडा काटकोनात कापाव्यात. रुळांना कायम जोडलेल्या लीडर कापडाचा मध्य आणि पाठीच्या कापडाचा मध्य जुळवून तिथून दोन्ही बाजूंना टाचण्या लावत जावे. बाजूच्या चिमट्यांनी कापड ताठ ठेवायचे, पण ढोलासारखे ताणायचे नाही. खालून बोट दाबल्यावर वरून त्याचे टोक दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरता आले पाहिजे. माझ्या पहिल्या क्विल्टला मी हा नियम पाळला नव्हता. चौकटीवर ते आरशासारखे सपाट दिसत होते आणि चिमटे काढताच पाठीवर बारीक चुण्या पडल्या. त्या उसवून काढायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

आता धाग्याच्या ताणाकडे वळू, कारण नवशिके सर्वाधिक अडखळतात ते इथेच. सुरुवात नेहमी बॉबिनपासून, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळापासून करावी. बॉबिन केस (बॉबिन बसते ती छोटी डबी) तळहातावर ठेवून धागा सरळ वर ओढावा: केस उभी राहिली पाहिजे, पण तळहात सोडून अधांतरी उचलली जाता कामा नये. ती आडवीच राहून धागा सळसळत सुटला तर ताण कमी आहे. केस अलगद वर उचलली गेली तर जास्त आहे. केसवरचा छोटा स्क्रू घड्याळातल्या काही मिनिटांइतकाच फिरवावा. बॉबिन जमल्यानंतरच वरच्या धाग्याला हात लावावा. खालचा धागा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण सैल करावा, आणि पाठीवर वरच्या धाग्याचे फास दिसत असतील तर तो वाढवावा. वळणांवरच पापण्यांसारखे फास दिसले, तर ताणाबरोबर आपला वेगही तपासावा, कारण वळणावर यंत्र झटक्याने ओढले की सुई किंचित वाकते. ही सर्व चाचणी क्विल्टच्या बाजूला उरलेल्या पट्टीवर करावी, आणि धागा किंवा बॅटिंग बदलली की पुन्हा करावी.

सरावासाठी पांढरा मांजरपाट आणि त्यावर उठून दिसेल असा गडद धागा घ्यावा. रंग मिळताजुळता असला की चुका लपतात, आणि सरावात चुका दिसायलाच हव्यात. स्टिच रेग्युलेटर असेल तर तो इंचाला 10 टाक्यांवर ठेवावा. हाताचा वेग बदलला तरी टाक्याची लांबी सारखी राहते. उभे राहताना गुडघे सैल, कोपरे शरीराजवळ आणि हँडलवरची पकड हलकी ठेवावी. हँडल घट्ट आवळले की रेघ थरथरते.

पहिली नक्षी नागमोडी असावी, जिच्यात रेघ स्वतःला कुठेही छेदत नाही. मग गाठींसारखी वेटोळी, मग गोल भोवरे. लहान वर्तुळे सुरुवातीला चौकोनी होतात, कारण यंत्र आडव्या आणि उभ्या दिशेच्या दोन वेगवेगळ्या चाकांच्या गाड्यांवर चालते आणि दिशा बदलताना एका गाडीची चाके थांबून पुन्हा सुटतात. तिथे वेग कमी न करता तो एकसारखा ठेवण्याचा सराव करावा. कुयरी मला सर्वांत समाधान देते. एक कुयरी काढून तिच्याभोवती पाव इंचावर दुसरी रेघ फिरवली की पुढच्या कुयरीची जागा आपोआप सापडते, आणि तो आकार आपल्या हाताला पैठणीच्या पदरापासून ओळखीचा असतो. नक्षीची दाटी मात्र सगळीकडे सारखी ठेवावी. एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ शिवले तर क्विल्ट सपाट पडत नाही.

दर वेळी बॉबिन बदलताना बॉबिनभोवती फिरून धागा पकडणाऱ्या हुकाजवळचा कापसाचा भुगा ब्रशने काढावा आणि यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तिथे तेलाचा एक थेंब द्यावा. नवे क्विल्ट नव्या सुईने सुरू करावे.

सरावाचे कापड टाकून देऊ नये. प्रत्येक पट्टीच्या कडेला कापडावर चालणाऱ्या पेनने तारीख, धाग्याचे नाव, सुईचा क्रमांक आणि ताणाच्या चकतीवरचा आकडा लिहावा, आणि ती खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून आधी पाठीकडून पाहावी.