मांडीत, पाठीत जुनी गाठ आहे? सुई घालायच्या आधी हे वाचा

मांडीत किंवा पाठीत एखादी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असते, दुखत नाही, ताप नाही, मग सगळे म्हणतात चरबीची असेल राहू दे. बऱ्याचदा असतेही चरबीची. पण कधीतरी ती हायडॅटिड सिस्ट निघते, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या बारक्या पट्टकृमीमुळे झालेली पाण्याची पिशवी. 100 पैकी साधारण 70 लिव्हरमधे होतात, 20 फुफ्फुसात, आणि स्नायू, मणका, किडनी, मेंदू हे सगळं उरलेल्या 10 मधे, त्यामुळे तिथे ही शंका लवकर कुणाला येतच नाही.

म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी मेंढ्या आहेत, कुत्री आहेत, लहानपण मेंढरांच्या वाड्यावर गेलं. (मटण खाऊन हे होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात.)

आणि हात जोडून सांगतो, सोनोग्राफी झाल्याशिवाय गाठीत सुई घालू देऊ नका. आतलं पाणी सांडलं तर जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते, बीपी एकदम पडतं, शिवाय त्या पाण्यातल्या कणांपासून आजूबाजूला नव्या पिशव्या तयार होतात. सोनोग्राफीत पिशवीच्या आत छोट्या पिशव्या किंवा सुटलेला पापुद्रा तरंगताना दिसला की निदान जवळजवळ झालंच. स्नायू नि मणक्याला एमआरआय लागतो. रक्ताची एलायझा (या आजाराची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, लिव्हरबाहेरच्या सिस्टमधे ती बऱ्याचदा फसवते. गाठ कुठेही असो, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे करायचाच, दुसरी लपलेली असू शकते.

स्नायूतल्या गाठीला शक्यतो ऑपरेशन, पिशवी न फोडता अख्खी काढायची, आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले पॅड ठेवून. आधी आणि नंतर अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, मोठ्या माणसाला सहसा 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, तेही तूपतेल असलेल्या जेवणासोबत, तरच नीट अंगी लागतं. जंताची एक गोळी घेऊन हे जात नाही, आठवडे-महिने घ्यावी लागते, आणि मधे मधे लिव्हरची टेस्ट नि पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात, त्यामुळे स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका. गरोदर असाल तर आधी सांगा. हाडातली सिस्ट फार चिवट, परत परत येते, तिथे मोठ्या हॉस्पिटललाच जा.

ऑपरेशन झाल्यावरही काही वर्षं सोनोग्राफी चालू ठेवा. घरच्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडून प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध द्या आणि मेंढी कापल्यावर काळीज-फुफ्फुस कच्चं त्याच्यापुढे टाकू नका, त्यातल्या पिशव्यांतूनच कुत्र्याला हा कृमी होतो.