एल्डन रिंगमध्ये आपल्याकडच्या माणसासारखा चेहरा कसा बनवायचा

फॅन्टसी आरपीजी (आपलं पात्र घडवून खेळायचा गेम) सुरू करताना बरेच जण एकतर दिलेला चेहरा जसाच्या तसा उचलतात, नाहीतर सगळे स्लायडर (चेहऱ्याचं एकेक माप कमीजास्त करायच्या पट्ट्या) थोडेथोडे इकडेतिकडे करतात आणि मग गेममध्ये शिरल्यावर वाटतं की अरे हे कोण आहे. कारण साधं आहे, सगळ्यांचा हात आधी डोळ्यांवर, ओठांवर आणि केसांवर जातो, आणि चेहरा ठरतो तो हाडांवरनं. कपाळ, गालफडं, जबडा, नाकाचा दांडा हे चार जमले की केस काहीही ठेवा, माणूस ओळखू येतो. हे चार नाही जमले तर वरनं कितीही मेकअप थापा, बाहुलीच दिसते.

मी इथे मुख्यतः एल्डन रिंग धरून सांगतोय (२०२२ चा गेम आहे, अजूनही लोक नव्याने सुरू करतात) कारण त्यात स्लायडर भरपूर आहेत आणि ते खरंच काम करतात. आणि उदाहरण म्हणून देशावरची एक पन्नाशीची बाई घेऊ. सावळी, गालाची हाडं वर आलेली, नाक जरा रुंद, केसात पांढरे. अशी बाई तलवार घेऊन लिमग्रेव्हमध्ये (गेममधला सुरुवातीचा मोकळा प्रदेश) फिरताना मला बघायची असते, आणि तयार चेहऱ्यांमध्ये ती मिळत नाही, ती बनवावीच लागते.

आधी स्लायडर म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे कळलं की निम्मं काम सोपं होतं. गेममधला चेहरा म्हणजे बिंदूंची एक जाळी. आर्टिस्टने आधीच ठरवून ठेवलेलं असतं की नाक सगळ्यात लहान असताना हे बिंदू कुठे आणि सगळ्यात मोठं असताना कुठे, तुम्ही स्लायडर हलवला की गेम त्या दोन्हीच्या मधलं कुठलंतरी माप काढतो. एल्डन रिंगमध्ये आकडे ० ते २५५ असतात, म्हणजे एका बाइटमध्ये मावतील तेवढे २५६, आणि १२८ हा साधारण मध्य. आता टोकाला काय होतं, एकटा एक स्लायडर २५५ ला नेला तर बहुतेकदा ठीक दिसतो, पण शेजारशेजारचे तीन स्लायडर टोकाला नेले की तेच बिंदू तिन्हीकडनं ओढले जातात आणि मग पापणी डोळ्यात घुसते, ओठ दातात शिरतात, आणि हे उभं असताना दिसत नाही, कॅरेक्टर ओरडतं किंवा डोळे मिटतं तेव्हा दिसतं. म्हणून एका भागात एकच गोष्ट ठळक करायची, बाकी १२८ च्या आसपास.

काही गेममध्ये स्लायडर एकमेकांना बांधलेले असतात. ऑब्लिव्हियन (२००६) मध्ये फेसजेन नावाचं तंत्र होतं, त्यात हनुवटी हलवली की गालही हलायचे, आणि त्यामुळेच त्या गेममधले चेहरे एवढे विचित्र व्हायचे. एल्डन रिंगमध्ये तसा त्रास कमी, पण टेम्प्लेटवाल्या (म्हणजे सुरुवातीला घ्यायच्या तयार चेहऱ्याच्या) स्क्रीनवर मात्र एक स्लायडर पूर्ण चेहरा बदलतो, त्यावर येतोच.

रेफरन्स फोटो नक्की घ्या. डोक्यातनं बनवायला गेलात की हमखास "सुंदर" चेहरा बनतो आणि सगळे सुंदर चेहरे शेवटी एकसारखे दिसायला लागतात. फोटो दोन हवेत, एक समोरनं आणि एक बाजूनं. आणि सेल्फी नको प्लीज, हातभर अंतरावरनं काढलेल्या फोटोत नाक असतं त्यापेक्षा मोठं दिसतं आणि कान मागे जातात, तुम्ही ते बघून नाक बनवाल आणि गेमच्या कॅमेऱ्यात ते बटाटा दिसेल. दोन-तीन मीटरवरनं झूम करून काढलेला फोटो सगळ्यात चांगला. घरातल्या लग्नाच्या अल्बममधले फोटो ह्या कामाला फार उपयोगी पडतात, फोटोग्राफर लांबनं काढत असतो आणि बाजूनं काढलेलेही मिळतात.

आता सुरुवात. बेस टेम्प्लेट निवडताना रंग, केस काही बघू नका, ते सगळं नंतर बदलतं. फक्त कवटी बघायची, म्हणजे चेहरा लांब आहे का रुंद, जबडा टोकदार का चौकोनी. ड्रॅकोनियन आणि न्यूमेन हे दोन टेम्प्लेट फार वेगळ्या ठेवणीचे आहेत, आपल्या कामाला बाकीचे बरे. मग टेम्प्लेट अ‍ॅडजस्ट करायच्या स्क्रीनवर बोन स्ट्रक्चर, फॉर्म एम्फसिस, अपॅरंट एज आणि फेशियल अ‍ॅस्थेटिक असे चार स्लायडर आहेत आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला हवा. फॉर्म एम्फसिस म्हणजे त्या चेहऱ्याची जी काही खासियत आहे ती किती ठळक करायची, कमी केलं की चेहरा सपाट, सरासरी होतो. पन्नाशीच्या बाईसाठी अपॅरंट एज वर न्या, पण अगदी टोकाला नको, कारण वयाबरोबर गाल पण बसतात आणि मग आजारी दिसायला लागते. हे चार स्लायडर नंतर हलवले की खालचं सगळं बिघडतं, त्यामुळे इथे मन भरल्याशिवाय पुढे जाऊच नका.

पुढे फेशियल बॅलन्स, म्हणजे चेहऱ्याच्या भागांचं एकमेकांशी प्रमाण. चित्रकलेच्या क्लासमध्ये शिकवतात तीच मापं इथे लागतात. डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे, दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा, आणि केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ, तिथनं हनुवटी हे तीन भाग जवळपास सारखे. फोटोवर बोटाने मापून बघा तुमच्या माणसात ह्यातलं काय वेगळं आहे, आणि जे वेगळं आहे तेवढंच बदला. आपल्या बाईचं समजा कपाळ लहान आहे आणि खालचा भाग मोठा, तर तेच तिचं रूप आहे, ते सरळ करायला जाऊ नका.

आता कॅमेरा फिरवून चेहरा बाजूनं घ्या. हे लोक करतच नाहीत! नाक समोरनं बनवताच येत नाही. बाजूनं बघायचं की कपाळातनं नाक कुठे सुरू होतं, तिथे खोलगट आहे का सरळ, मध्ये उंचवटा आहे का, टोक वर आहे का खाली. दांडा आधी, टोक नंतर, आणि मग समोर येऊन नाकपुड्यांची रुंदी. रुंद नाक करताना फक्त नॉस्ट्रिल विड्थ वाढवलं तर खाली काहीतरी चिकटवल्यासारखं वाटतं, दांड्याची रुंदी पण थोडी वाढवावी लागते. नाकाची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांच्या जरा बाहेर गेली तरी हरकत नाही, आपल्याकडे कितीतरी जणांची असते. बाजूनंच हनुवटी आणि ओठही तपासून घ्या, फेस प्रोट्रूजनने तोंडाचा भाग किती पुढे येतो ते ठरतं आणि तो स्लायडर पाच-दहाने हलला तरी माणूस बदलतो.

गालाचं हाड वर आणायचं तर चीकबोन हाइट आणि प्रोट्रूजन वाढवा आणि त्याच्या खालचे गाल जरासे आत घ्या, सावली आपोआप पडते. इथे थोडक्यात आटपायचं, जास्त केलं की उपाशी वाटतं.

डोळे सगळ्यात शेवटी. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात जशी मूर्ती पूर्ण झाल्यावर मग डोळ्यांची आखणी होते तसंच. आणि डोळ्यांच्या आधी भुवईचं हाड, कारण लिमग्रेव्हमध्ये उजेड बहुतेक वरनं येतो, ब्रो रिज पुढे असेल तर डोळे पूर्ण अंधारात जातात आणि तुम्ही केलेलं काजळबिजळ काही दिसत नाही. आय साइज वाढवायचा मोह आवरा. आपल्या लोकांचे डोळे मोठे "वाटतात" ते पापण्यांच्या दाट केसांमुळे आणि भुवया जाड असल्यामुळे, प्रत्यक्ष आकार तेवढा मोठा नसतो, त्यामुळे आयलॅशेस आणि भुवया वाढवा आणि डोळ्याचा आकार आहे तसा ठेवा. बुबुळ कधीच पूर्ण काळं करू नका, भोक पडल्यासारखं दिसतं, अगदी गडद तपकिरी घ्या म्हणजे उजेड पडला की त्यात थोडी जान दिसते. डोळ्याचा पांढरा भाग पण पांढराशुभ्र नको.

आता रंग, आणि इथे मला खरंच थांबून सांगायचंय कारण सावळा रंग करताना बहुतेक जण फक्त गोरा रंग काळोखा करतात, आणि मग त्वचा राखाडी, मेलेल्यासारखी दिसते. तपकिरी म्हणजे मुळात गडद केसरी. म्हणजे लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याच्यापेक्षा कमी आणि निळा सगळ्यात कमी, आणि तिन्हीतलं प्रमाण टिकलं पाहिजे. लाल १३०, हिरवा ८८, निळा ६० इथनं सुरुवात करा. अजून सावळं हवं तर तिन्ही एकाच प्रमाणात खाली आणा, नुसता लाल कमी केला की रंग हिरवट होतो. पिवळसर झाक हवी तर हिरवा दोन-चारने वर, तांबूस हवी तर खाली. स्किन लस्टर कमी ठेवा, ती चमक वाढली की सावळ्या त्वचेवर प्लास्टिकसारखी दिसते. पोअर्स (त्वचेची रंध्रं) मात्र वाढवा, वयाला शोभतं.

एक खास गोष्ट डार्क सर्कल्सची. आपल्याकडे डोळ्यांभोवतीची त्वचा अनेकदा मुळातच जरा गडद असते, थकवा असो नसो. तर तो स्लायडर थोडासा चढवा आणि रंग जांभळटच्या ऐवजी त्वचेपेक्षा दोन छटा गडद तपकिरी करा. एवढ्या एका बदलाने चेहरा एकदम ओळखीचा वाटायला लागतो, करून बघाच. ओठांचंही तसंच, गुलाबी लिपस्टिक काढा, तपकिरीत थोडा लाल मिसळा आणि हलकासा लावा. आयलायनर अर्ध्याच्या खाली, काळा. टॅटू-मार्कवाल्या भागात खुणेची जागा आणि आकार बदलता येतो, त्यामुळे एखादी साधी खूण बारीक करून कपाळावर टिकलीच्या जागी किंवा हनुवटीवर गोंदणासारखी बसवता येते, रंग गोंदणाचा करायचा तर काळपट हिरवा घ्या.

केस पूर्ण काळे केले की नुसता काळा गोळा दिसतो, थोडा तपकिरी मिसळा. पांढऱ्या केसांचा वेगळा स्लायडर आहे, पन्नाशीला साधारण एक तृतीयांश पुरे, आणि भुवयांचे पांढरे केस डोक्यापेक्षा कमी ठेवा. आवाज पण वयाला जुळणारा निवडा, तरुण आवाज ह्या चेहऱ्यावर खटकतो.

झालं की चेहरा फेव्हरिट्समध्ये सेव्ह करा आणि गेम सुरू करून थेट उघड्यावर, लिमग्रेव्हच्या उन्हात या. क्रिएटरमधल्या (चेहरा बनवायच्या स्क्रीनवरच्या) उजेडावर विश्वास ठेवू नका, तो फार सौम्य आहे. भिंतीला पाठ लावून कॅमेरा फिरवला की तो जवळ येतो, चेहरा नीट बघता येतो. दिवसा बघा, रात्री बघा, गुहेत बघा. काही खटकलं तर आत्ताच नवीन कॅरेक्टर करून फेव्हरिटमधनं चेहरा घ्या आणि दुरुस्त करा. पुढे गेल्यावरही सोय आहे, मेलिना (गेममधली तुमची सोबतीण) राउंडटेबल होल्ड ह्या मुक्कामाच्या जागी घेऊन गेली की तिथे फिया नावाच्या बाईच्या खोलीत आरसा आहे, आणि रेनाला ह्या बॉसला हरवल्यावर तिच्याकडेही रूप बदलता येतं. लार्व्हल टीअर (गेममधली एक दुर्मिळ वस्तू) फक्त लेव्हलचे पॉइंट बदलायला लागतो, चेहऱ्याला नाही, त्यामुळे तो खर्च होईल म्हणून घाबरू नका.

दुसऱ्या गेममध्ये हेच करायचं तर थोडं वेगळं पडतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये स्लायडर जवळपास नाहीतच, तयार चेहऱ्यातनं निवडायचं, म्हणून तिथे सगळा जोर त्वचेचा रंग, मेकअप आणि केसांवर. कॅम्पमधला जादूचा आरसा सप्टेंबर २०२३ च्या पॅच ३ (गेमचं अपडेट) मध्ये आला, त्यात रूप बदलतं पण रेस (पात्राची जमात) आणि बॉडी टाइप बदलत नाही, तेवढं सुरुवातीलाच पक्कं करा. ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये उलट, माझ्या मते आत्ताच्या गेममध्ये सगळ्यात चांगला क्रिएटर तोच. एक चेहरा निवडला की त्याच्यासारखे अजून चेहरे समोर येतात, असं करत करत जवळ जायचं आणि मग बारकावे. क्रिएटर वेगळा फुकट मिळतो, गेम विकत घ्यायच्या आधीच बसून चेहरा बनवून ठेवता येतो. स्कायरिममध्ये पीसीवर कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून शोरेसमेन्यू (showracemenu) टाइप केलं की पूर्ण मेन्यू येतो, पण आधी सेव्ह करा आणि मध्येच रेस बदलू नका, स्किल्सची गडबड होते. डॉनगार्ड हा जोड-भाग असेल तर रिफ्टन शहरातल्या रॅग्ड फ्लॅगन ह्या गुत्त्यात गॅलाथिल नावाची बाई १००० सोन्याच्या नाण्यांत चेहरा बदलून देते, फक्त तुम्ही व्हॅम्पायर असाल तर ती हात लावत नाही.

आणि एल्डन रिंगमध्ये एवढी मेहनत करून डोळे केलेत तर एक लक्षात असू द्या, ड्रॅगनची काळजं खात सुटलात तर बुबुळं ड्रॅगनसारखी होतात, आणि फ्रेंझीड फ्लेम (गेममधली एक शापित ज्वाला) स्वीकारली तर डोळे पिवळे आणि अंगावर भाजल्याचे डाग. ते रूप ज्यांना हवंय त्यांनी खुशाल घ्यावं, बाकीच्यांनी असलं काही करायच्या आधी प्रत्येक स्लायडर स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे पुढच्या कॅरेक्टरला हीच बाई पुन्हा आकडे बघून दहा मिनिटात उभी करता येते.