मिशनमधल्या ‘दिआ दे लोस मुएर्तोस’चे फोटो काढताना या चुका टाळा

‘दिआ दे लोस मुएर्तोस’ म्हणजे मृतांचा दिवस, हा मेक्सिकन सण. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डिस्ट्रिक्ट या भागात २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यासाठी हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन चालतात. चेहरे कवटीसारखे रंगवलेले, केसांत झेंडू. बे एरियातले आपले बरेच जण कॅमेरा घेऊन जातात आणि घरी येऊन पाहावं तर पांढराफटक चेहरा, मागे मिट्ट काळोख, नारिंगी डाग. माझे पहिल्या वर्षीचे फोटो असेच होते. त्यातल्या निम्म्या चुका कॅमेऱ्याच्या होत्या. उरलेल्या निम्म्या मला तो सणच कळला नव्हता म्हणून झालेल्या.

हॅलोविन समजून जाणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन दिवस आधी हॅलोविन होऊन गेलेलं असतं, त्यामुळे रंगवलेला चेहरा दिसला की ‘पोझ द्या’ म्हणावंसं वाटतं. पण हा दिवस गेलेल्या माणसांचा आहे. मेक्सिकन परंपरेत १ नोव्हेंबर लहान मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. गेलेलं माणूस घरी येतं, म्हणून त्याच्यासाठी ओफ्रेंदा मांडतात: त्याचा फोटो, पाण्याचा पेला, मीठ, ‘पान दे मुएर्तो’ नावाचा गोड पाव आणि त्याच्या आवडीचं खाणंपिणं. पितृपक्षात आजोबांच्या पानात त्यांच्या आवडीची भाजी आवर्जून वाढणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

मिशनमध्ये हा सण सार्वजनिक झाला तो १९७२ मध्ये ‘गालेरिया दे ला रासा’ या कलादालनाने भरवलेल्या प्रदर्शनापासून. आता पोट्रेरो देल सोल पार्कमध्ये लोक स्वतः ओफ्रेंदा मांडतात. त्यांतल्या काही आजीच्या, काही सीमा ओलांडताना दगावलेल्या माणसांच्या, काही पोलिसांच्या गोळीने गेलेल्या तरुणांच्या असतात. फ्रेममध्ये येणारा तो जुना फोटो कुणाच्या तरी घरातला आहे. आधी कॅमेरा खाली ठेवा, मांडणीजवळ बसलेल्या माणसाला विचारा: ‘पुएदो तोमार उना फोतो?’ म्हणजे, एक फोटो काढू का? नकार आला तर हात जोडून पुढे व्हा. होकार आला तर ‘किएन एस?’, हे कोण, असंही विचारा. मग बहुतेक माणसं सांगू लागतात आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही पोझमध्ये येत नाही. चांगल्या फ्रेमसाठी मेणबत्ती किंवा फूल सरकवू नका. एकदा मी एक पणती जरा बाजूला केली होती. त्या बाईंनी काही न बोलता ती परत जागेवर ठेवली. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दान्सा आस्तेका, म्हणजे अ‍ॅझ्टेक परंपरेतला नाच, त्याच्या रिंगणात शिरणं हीही तशीच चूक. नर्तक गोल करून नाचतात, मध्ये कोपाल या राळेचा धूप जळत असतो. ते रिंगण त्यांच्या दृष्टीने पवित्र असतं. बाहेरूनच काढा, आणि शक्यतो अशा बाजूला उभे राहा की दिवा धुराच्या मागे येईल. समोरून प्रकाश पडला तर धूर दिसतच नाही. डोक्यावरच्या लांब पिसांसाठी वर जागा सोडा.

घड्याळ न बघणं

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. त्यामुळे २ नोव्हेंबरला सूर्यास्त एखाद्या वर्षी सहा वाजून गेल्यावर, तर एखाद्या वर्षी सव्वापाचच्या आतच. मागच्या वर्षीच्या अंदाजाने निघालात तर सूर्यास्तानंतरची निळी वीस-पंचवीस मिनिटं हुकतात. आकाशात निळा उजेड असतानाच मेणबत्तीचे फोटो खरे खुलतात.

चेहरा पांढरा, बाकी सगळं काळं

फ्लॅश बंद करा. पांढरा रंग त्यात सपाट होतो आणि ओफ्रेंदासमोर तो उद्धटपणाही आहे. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स, एफ १.८, १/१२५ सेकंद, आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा. भोवती काळोख असल्यामुळे कॅमेऱ्याला उजेड कमी वाटतो आणि तो चेहरा जाळून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा करा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढलेला अंधारा फोटो नंतर उजळता येतो, जळालेला गाल परत येत नाही. फोनवर चेहऱ्याला टॅप करून उजेड खाली ओढा आणि मिरवणुकीसाठी नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर चालणारी माणसं पुसट होतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची ऊब-थंडी ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवलात तर मेणबत्तीची ऊब धुऊन निघते. ३२०० केल्विनच्या आसपास हाताने लावा.

आता झेंडू. तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच. या फुलाचा नारिंगी रंग फसवतो: साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंग केव्हाच मर्यादेबाहेर जाऊन जळालेला असतो आणि पाकळ्यांचा नुसता गोळा दिसतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून बघा.

भारतात घेतलेला कॅमेरा असेल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०. दुकानांच्या दिव्यांखाली फोटोत पट्टे आले तर १/१०० ऐवजी १/६० किंवा १/१२५ वापरा, व्हिडिओसाठी मेनूतलं फ्लिकर सेटिंग ६० करा.

ट्रायपॉड घरी ठेवा, गर्दीत कुणाचा तरी पाय अडकेल. मिरवणुकीसमोर उलटं चालू नका. २४व्या रस्त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर थांबा, माणसं तुमच्याकडे येतील.

आणि ज्यांनी होकार दिला त्यांचा पत्ता किंवा नंबर घ्या, आठवड्याभरात फोटो पाठवा. पार्कातली ती मांडणी त्याच रात्री आवरली जाते, त्यांच्याकडे मागे काही उरत नाही.