पीए स्कूलची तयारी: अर्ज उघडण्याआधीची दोन वर्षं

अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटची (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे आणि उपचार करणारे परवानाधारक) पहिली तुकडी घेतली, ती नौदलात रुग्णसेवा केलेल्या माणसांची. हात आधीच सरावलेले होते, शिक्षण नंतर आलं. पीए स्कूलच्या प्रवेशात आजही हेच पाहिलं जातं, म्हणून तयारी रुग्णांपासून सुरू करा.

१. काम धरा. ईएमटी (रुग्णवाहिकेवर तातडीची मदत देणारा), नर्सिंग असिस्टंट किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून पगारी काम उत्तम. पीएच्या मागे उभं राहून पाहणं, म्हणजे शॅडोइंग, हेही हवं. पण त्याचे तास वेगळे धरले जातात. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. रुग्णाचं नाव नको. काय घडलं, तुम्ही काय केलंत, काय चुकलं, एवढंच. दोन वर्षांनी निबंध आणि मुलाखत दोन्ही या वहीतूनच निघतील. मी एवढं एकच ऐकायला सांगेन.

२. विषय तपासा. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे बहुतेक ठिकाणी लागतात. बाकी अटी प्रत्येक शाळेच्या निराळ्या, तेव्हा तक्ता करा. भारतातली पदवी असेल तर गुणपत्रिकेचं मूल्यमापन लागतं आणि काही शाळा परदेशी विषय धरतच नाहीत. एमबीबीएस झालेल्यांनाही पूर्ण अभ्यासक्रम करावा लागतो. शाळेला एआरसी-पीए या पीए अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे ना, हे आधी बघा. तिच्याशिवाय परवान्यासाठीची पॅन्स परीक्षा देता येत नाही.

३. अर्ज लवकर भरा. कॅस्पा हे सामाईक पोर्टल एप्रिलच्या अखेरीस उघडतं. अनेक शाळा येतील तसे अर्ज वाचतात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट पाहणं महागात पडतं. विषय पुन्हा दिला असेल तर कॅस्पा दोन्ही वेळचे गुण धरतं. निबंधाला जागा ५,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून.

४. मुलाखत. कुठे दोघं-तिघं समोर बसतात, कुठे गटचर्चा, कुठे एमएमआय: खोलीखोलीत वेगळा प्रसंग, विचाराला जेमतेम दोन मिनिटं. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाची. घड्याळ लावून, मोठ्याने बोलून सराव करा.

‘मग डॉक्टरच का नाही?’ हा प्रश्न घरी मावशी-काका विचारतात, तसाच तिथेही येतो. ‘मेडिकलला खूप वर्षं लागतात’ हे उत्तर पुरत नाही. डॉक्टरांसोबत जोडीने काम करणं, डॉक्टरांसारखी पुन्हा रेसिडेन्सी (त्या शाखेचं काही वर्षांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) न करता शाखा बदलता येणं, यातलं तुम्हाला खरोखर काय भावतं ते सांगा आणि त्याला वहीतला एक प्रसंग जोडा.

आपल्या घरांत स्वतःबद्दल बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मराठी मुलं ‘आम्ही केलं’ म्हणतात. तिथे ‘मी केलं’ म्हणा. आजोबांचा रक्तदाब तुम्ही मोजलात, धाप वाढलेली तुमच्या लक्षात आली, नर्सला तुम्ही बोलावलंत. मग तसंच सांगा.